गाळातली लेकरं

मॅडमच्या प्रयोगशाळेच्या दारात कुणी मोठ्यानं बोललं, की त्या ओठांवर बोट ठेवत. "हळू. लेकरं झोपलीत."

नवखा माणूस बिचारा आत पाळणा शोधायचा. आत असायच्या कोकणातून आणलेल्या समुद्राच्या गाळाच्या बाटल्या. समुद्रात तरंगणारे काही सूक्ष्म जीव वाईट दिवस आले की अंगाभोवती कवच करून गाळात पडून राहतात. पाण्याचं तापमान काही दिवस सलग मनासारखं राहिलं की कवच फोडून बाहेर येतात. नेमकं कोणत्या तापमानाला, हे मॅडम शोधत होत्या. तेही छत्रपती संभाजीनगरात, जिथं आम्हाला लाट ठाऊक ती उष्णतेचीच.

"मॅडम, तुमच्यासारख्या पाचोडच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय?" त्यांच्या हाताखाली काम करताना मी एकदा विचारलं.

"जवळ असता तर पोहले असते. लई लांब हाय म्हणून अभ्यास करते."

कॉलेजच्या आमच्या विभागातला एकुलता एक एसी त्यांनी भांडून लेकरांसाठी मिळवला होता. आम्ही माणसं पंख्याखाली शिजत होतो. मे संपला की मॅडम निवृत्त होणार, खोली दुसऱ्याकडे जाणार. आणि नेमकी त्या वर्षी लेकरं उठेनात. मॅडम रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि वहीत शून्य लिहीत. "गाळच मेला वाटतं," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं.

एका दुपारी त्या विसरलेला चष्मा घ्यायला परतल्या. मी सोबत होतो. आत आमचे विभागप्रमुख तीन खुर्च्या जोडून, भर मे महिन्यात शाल पांघरून घोरत होते. एसी सोळावर. नंतर कळलं, मॅडम जेवायला गेल्या की सर रोज येत, झोप काढत आणि जाताना एसी पुन्हा मॅडमनी लावलेल्या पंचविसावर करून ठेवत. तेवढे ते शिस्तीचे होते.

मला वाटलं, आता सरांची खैर नाही. मॅडमनी त्यांचा खांदा हलवला. "सर, उठा. तुम्ही उठल्याबिगर माझी लेकरं नाय उठायची."

दुसऱ्या दिवसापासून सर दाराबाहेर खुर्ची टाकून राखणीला बसले. मलासुद्धा आत सोडेनात.

महिनाअखेरीस निरोप समारंभ होता. हार, नारळ, भजी सगळं तयार. मॅडमचा पत्ता नाही. तेवढ्यात सर धापा टाकत दारात आले. "भाषणं उरकून घ्या. एक कवच फुटलं, दुसरं फुटतंय. मॅडम काही येत नाहीत." एवढं सांगून तेही तिकडेच पळाले.

आम्ही हार रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि भाषणं केली. इतका आनंदाचा निरोप मी पुन्हा पाहिला नाही.