ताईच्या टेबलाला सरकायला जागा

एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर मी सुतारकामाला लागलो. उमरखेडच्या माझ्या थोरल्या बहिणीचे गुडघे दुखतात. खुर्चीशेजारी चहा आणि गोळ्या ठेवायला तिला एका खांबाचं छोटं टेबल हवं होतं.

मधे खांब, खाली तीन पाय आणि वर सागाच्या फळ्या जोडून केलेला गोल पाट. फळ्यांच्या खाली आडवी पट्टी होती. तिचा मधला स्क्रू मी घट्ट बसवला, कडेच्या स्क्रूंसाठी लांबट भोकं पाडली. ऐन श्रावणात टेबल घेऊन उमरखेडला गेलो.

भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, काहीही ढिलं बघवत नाही. त्यांनी आधी टेबल उलटं केलं.

"हे स्क्रू ढिल्ले काहून?"

"मुद्दाम ठेवले. आत्ता लाकूड फुगून आहे, उन्हाळ्यात आकसते. त्याले सरकाले जागा पायजे."

"कुठं जाते सरकून?"

"कुठीच नाही. जागच्या जागी."

भाऊजींनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. "दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मले वाटलं, कुकर गेला. पाह्यलं तं टेबल."

जाऊन पाहिलं. पाटाला कडेपासून मध्यापर्यंत चीर होती. खाली लांबट भोकांत भुसा आणि गोंद गच्च भरलेला, शिवाय चार स्क्रू जास्तीचे.

"हे कोणी केलं?"

ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पेपर वाचत होते.

"हालत होतं ते," ते पेपरामागून म्हणाले.

मला राग आला होता, पण ताईने पुढ्यात चहा ठेवला होता. मी पाट काढून घरी आणला. चिरेवरून सरळ कापला, कडा रंध्याने तासून पुन्हा जोडला, नवी पट्टी लावली. भोकं या वेळी आणखी लांब ठेवली. कापण्यात आणि तासण्यात दोन बोटं लाकूड गेलं, त्यामुळे पाट गोल राहिला नाही.

"अंड्यासारखं दिसते," ताई म्हणाली.

"हो."

भाऊजींनी खाली वाकून स्क्रू पाहिले, बोटाने एक हलवून पाहिला आणि हात मागे घेतला.

"राहू दे म्हणतो," ते म्हणाले.

टेबलावर चहाचा कप आणि गोळ्यांचा डबा मावतो. पेपर मावत नाही. तो भाऊजी मांडीवर ठेवतात.