जोसेफचा व्हिसा आणि आमचा सत्यनारायण

मंगळवारचं आमचं भजन तासाभरात आटपतं, किस्से मात्र आटपत नाहीत! देवघरातल्या सुपाऱ्यांसारखे साठत जातात. प्रत्येक पूजेची एक नवी, आणि जुनी टाकवत नाही. गेल्या वर्षीचे बरेचसे जोसेफचे.

*

जोसेफ टांझानियाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घडियाळी पोळात, म्हणजे आमच्याच गल्लीत, मालूताईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. भजन त्यांच्याकडेच, म्हणून एकदा त्याच्या हाती टाळ दिले. आरतीला त्याने अशी लय धरली की मालूताई म्हणाल्या, "हळू रे, देवाला आता नाचवतोस का!"

*

पोळाच्या तोंडाशी रसिकभाईंचं फरसाणाचं दुकान. स्कूटर लावण्यावरून जोसेफची आणि त्यांची जुंपली. रसिकभाईंनी किल्ली हिसकावली, जोसेफने ढकललं, आणि रसिकभाई थेट पापडीच्या परातीत! कोपर नुसतं खरचटलं, पण पडले भर बाजारात. झाली पोलीस केस.

मालूताईंनी लगेच आमच्या व्रतांतला उपाय सांगितला. "कबूल कर, दंड भर, मोकळा हो. प्रायश्चित्ताने पाप धुतलं जातं!"

त्यांचा भाचा अनिरुद्ध वकील आहे. तो ताडकन उठला. "मावशी, देवाकडे धुतलं जातं, व्हिसाच्या ऑफिसात नाही! दंड किरकोळ असेल, पण शिक्षा झाल्याची नोंद राहते. परदेशी माणसाला त्यावरून परत पाठवू शकतात."

जोसेफचा चहा हातातच निवला.

*

"मग लढा ना केस," मी म्हटलं.

"लढू की, काकू," अनिरुद्ध म्हणाला. "पण परीक्षेआधीच याचा व्हिसा संपतोय. केस चालू असताना वाढवून मिळणं कठीण. आणि पासपोर्ट कोर्टात जमा, म्हणजे घरीही जाता येत नाही."

आमच्या भजनातल्या सुमनताई टाळ खाली ठेवत म्हणाल्या, "अगंबाई, त्रिशंकूच झाला की पोर!"

एकच वाट होती. रसिकभाईंनी कोर्टात तडजोड केली, तर केस मिटणार होती.

*

आम्ही सगळ्याजणी दुकानात गेलो. रसिकभाई म्हणाले, "बेन, छोकरो सारो छे. पण मारी आबरूनुं शुं?"

पोरगा चांगला, पण अब्रूचं काय? त्यांचंही खोटं नव्हतं. गिऱ्हाइकं अजून "पापडी ताजी छे ने?" विचारून हसत होती. जोसेफ रोज सकाळी माफी मागायला जायचा. रसिकभाई मान खाली घालून शेव तोलत राहायचे.

*

मग मी सत्यनारायण बोलले. आणि लगेच घालायचाही ठरवला.

सुमनताई म्हणाल्या, "अगं, नवस काम झाल्यावर फेडतात. तू काय देवाला ॲडव्हान्स देतेस?"

"देव ओळखीचा आहे," मी म्हटलं.

पोळभर आमंत्रण गेलं, रसिकभाईंनाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही कोण म्हणणार? आले. दाराशीच उभे राहिले. प्रसाद वाटायला आम्ही जोसेफलाच बसवला होता. तो उठला, दोन्ही हातांनी शिऱ्याचा द्रोण पुढे केला.

रसिकभाईंनी द्रोण कपाळाला लावला. शिरा खाल्ला. "केळुं ओछुं छे," म्हणजे केळं कमी पडलंय, एवढंच म्हणाले, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून अनिरुद्धला फोन केला.

*

तडजोडीच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी कोर्टात मागच्या बाकांवर, काठापदराच्या साड्या नेसून, ओठांत जप करत बसलो होतो. जोसेफ डोळे मिटून उभा.

जज्जसाहेबांनी रसिकभाईंना विचारलं, "तडजोड स्वखुशीने करताय ना? कुणाचा दबाव नाही?"

रसिकभाईंनी वळून आमच्या रांगेकडे पाहिलं.

"दबाण तो छे, साहेब," ते हात जोडून म्हणाले. "पण सत्यनारायणनुं!"