आईबरोबर सिल्व्हर पार्क ते चौक, गाडी नसताना

गणपती झाल्यावर आमची जुनी गाडी विकली. नवी घ्यायची की नाही यावर घरात एकमत होत नव्हतं. तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी निरोप धाडला : पार्किंग ठेवायचं की सोडायचं ते महिनाअखेरपर्यंत सांगा, वेटिंगवर माणसं आहेत. मीरा रोडला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. एकदा सोडलेलं पार्किंग परत मिळत नाही.

माझ्यापुरता प्रश्न सोपा होता. ऑफिसला मी गाडी नेतच नव्हतो. बायको शाळेत शिकवते, ती चालत जाते. प्रश्न आईचा होता. आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तिची मैत्रीण लुसीमावशी उत्तनच्या पुढे चौकला राहते, अगदी समुद्राला लागून. दोघींनी भाईंदर पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं एकाच टेबलावर पॅकिंग केलं. लुसीमावशीला आता नीट दिसत नाही आणि फोनवर ऐकू येत नाही. म्हणजे भेट हवी तर आईनेच जायचं, आणि आईने जायचं तर मी गाडी काढायची. गेल्या वर्षभरात त्यासाठी मी ती दोनदाच काढली होती.

"गाडी घेच असं म्हणत नाही मी," आई म्हणाली, "पण लुसी जाईल एक दिवस, आणि मला ते दुसऱ्याकडून कळेल."

माझी सुट्टी बुधवारी असते. ठरवलं की बुधवारी आईला घेऊन रिक्षा आणि बसने चौकला जाऊन यायचं. तिला हा रस्ता एकटीने जमेलसा वाटला तर पार्किंग सोडायचं. नाही तर गाडी बुक करायची.

सकाळी साडेनऊला निघालो. ऑक्टोबरचं ऊन तेव्हाच तापलं होतं. तुम्ही जाणार असाल तर नवाच्या आत निघा. आमच्या सिल्व्हर पार्कहून चौकला थेट बस नाही. आधी भाईंदर स्टेशन गाठावं लागतं. नाक्यावर शेअर रिक्षा लागलेल्या असतात. आमच्या रिक्षात आम्ही दोघं आणि मांडीवर मूल घेतलेली एक बाई. तरी रिक्षावाला हलेना.

"भैया, चलो ना," मी म्हटलं.

"एक सीट आने दो साहब. आगे बैठेगा कोई."

"त्या सीटचे पैसे मी देतो," असं मी म्हणणार, तेवढ्यात आईने माझ्या हातावर चापट मारली. "गाडीवाल्यासारखा वागू नकोस. येईल कोणीतरी." दोन मिनिटांत आला. मेट्रोच्या खांबांखालून रिक्षा रांगत निघाली. गाडीत बसून मी याच रस्त्यावर दर वेळी वैतागायचो. इथे वैताग रिक्षावाल्याचा होता आणि मी नुसता बघत होतो. हा फरक लहान नाही.

स्टेशनआधी केबिन रोडला उतरलो. आईला लुसीमावशीसाठी मऊ पेढे घ्यायचे होते. केबिन रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात मी पूर्वी अर्धा तास घालवत असे. चालत गेलं तर दहा मिनिटांत पेढे, एक कंगवा आणि आईच्या ओळखीची एक बोहारीण, एवढं सगळं होतं.

सगळ्यात कठीण भाग म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा पादचारी पूल. आई कठड्याला धरून एकेक पायरी चढली, प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय, मग दुखरा. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तू पुढे हो. तू मागे असलास की मला घाई होते." पुलावर जाळीजवळ उभी राहून ती पाणी प्यायली. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वर थांबायला पाच मिनिटं धरावीत.

पश्चिमेला पालिकेची बस उभीच होती. सुट्टे पैसे जवळ ठेवा, कंडक्टरचा मूड टिकतो. बस मुर्धा, राई, मोर्वा या गावांमधून जाते आणि टॉवरचं शहर बघता बघता मागे पडतं. एका बाजूला मिठागरं, अधूनमधून तिवरांचे पट्टे, मग डोंगरीचा चढ. आईला खिडकी मिळाली होती. उत्तन येईपर्यंत ती बाहेर बघत होती. उत्तनला माशांचा वास आत आला तशी म्हणाली, "आली लुसी."

बस शेवटच्या स्टॉपला वळून थांबते. तिथून मावशीचं घर मागे चालत सात-आठ मिनिटांवर आहे, रस्त्याकडेच्या क्रूसाच्या, इथल्या भाषेत खुरिसाच्या, गल्लीत. अंगणात बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते. मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने डोळे बारीक केले.

"कोन गं?"

"मी, सुमन."

"सुमन मेली नाय व्हय अजून?"

"तुला घेऊन जाणार, मग मरणार."

मग हात हातात घेऊन दोघी बसल्या त्या बसल्या. मला मावशीच्या सुनेने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. एवढ्यासाठीसुद्धा चौकला जावं. जेवण झाल्यावर मी किनाऱ्यावर होड्या बघून आलो. परतलो तेव्हा दोघी कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करत होत्या. तीन वाजता मी म्हटलं, निघू या.

आता माझी चूक सांगतो. मी आईला म्हटलं होतं की परतताना आपण थेट शेवटच्या स्टॉपला जाऊ, तिथे बस रिकामी होते, आरामात जागा मिळेल. उन्हातून चालत तिथे गेलो आणि पंधरा मिनिटं थांबलो. बस आली ती खचाखच भरलेली. दार उघडलं, पाच-सहा माणसं उतरली. बाकीचे सगळे तसेच बसून राहिले.

"उतरायचं नाही का?" मी दारापाशी बसलेल्या एका बाईला विचारलं. पायांमध्ये पाटी घेऊन ती संध्याकाळच्या बाजाराला निघाली होती.

"कशाला उतरू? मी भायंदरला चाललंय."

तेव्हा उमगलं. ही माणसं आधीच्या स्टॉपवरच चौकला येणाऱ्या बसमध्ये चढतात आणि बस वळली की बसल्या जागेवरून परत जातात. शेवटच्या स्टॉपवर जागा मिळेल असं फक्त गाडीत बसून हिशेब करणाऱ्या माणसालाच वाटतं.

आम्ही चढलो. आईने दांडा धरला. बस वळली आणि झटका बसला. तिचा हात सुटला. ती माझ्यावर कोसळली आणि गुडघा सीटच्या कडेला आपटला. तिचा चेहरा पांढरा पडला. मी ओरडलो, "थांबवा! आई, उतर. मी टॅक्सी मागवतो. झालं, गाडी घेऊ या."

फोन काढला. जवळ टॅक्सी नव्हती. आणि आई दांडा घट्ट धरून उभी होती. उतरायला तयार नव्हती.

"म्हातारीला उतरवतोस कुठं उन्हात?" पाटीवाली बाई म्हणाली. तिने शेजारणीला कोपराने ढकललं. "सरक गं, तुझ्या बुडाला किती जागा लागते?"

"माझं बूड? आणि तुझी पाटी कोणाची?"

हसत हसत दोघी सरकल्या. दोघींच्या सीटवर तिघी बसल्या. आईने गुडघा दाबून पाहिला, वाकवला, सरळ केला. डोंगरीपर्यंत तिचा रंग परत आला होता.

"कोणाकडं येतंस?" बाईने विचारलं.

"लुसीकडे. तिकडे, खुरिसाच्या गल्लीत."

"मग येडी की काय तू? इतकं पुढं चालत कशाला आलंस? खुरिसापाशीच स्टॉप हाय. चौकला जाणारी बस धर, बसून राहा, वळून ये. मी रोज याच बसला असतंय."

कंडक्टर मध्येच म्हणाला, "आणि मावशी, तिकीट चढल्या जागेपासूनचं काढायचं हां. फिरायला नेत नाय आपण."

आई ते सगळं लक्ष देऊन ऐकत होती. पुढे भाईंदरपर्यंत त्या तिघींनी ऑपरेशन, सुना आणि पापलेटचे भाव यांवर बोलून घेतलं. मी उभा होतो. कोणी मला काही विचारलं नाही.

घरी गुडघ्याला शेक दिला. निळा डाग तीन दिवस होता. चौथ्या दिवशी मी सेक्रेटरींना पार्किंग सोडल्याचं पत्र दिलं, तेही आईने दोनदा विचारल्यावर. "तू घाबरलास," ती म्हणाली, "मी नाही."

सरळ सांगायचं तर गाडीने चाळीस मिनिटांत होणारं अंतर असं जाताना दीड तास घेतं. पावसाळ्यात पूल निसरडा होईल तेव्हा काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दवाखान्याला आम्ही अजूनही वेगळी रिक्षा करतो. बाकी घरात काही अडलेलं नाही.

त्यानंतर आई तीन बुधवार एकटी गेली आहे. मागच्या बुधवारी मला राहवलं नाही, म्हणून साडेपाचला सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर जाऊन उभा राहिलो. सहाला एक शेअर रिक्षा थांबली. आई सावकाश उतरली आणि आत बसलेल्या कोणाला तरी हात हलवला. मग मी दिसलो.

"तू कोणाला न्यायला आलास?"

"तुला."

"कशाला? तीन तास बसले आज. तू बरोबर असलास की सारखा घड्याळात बघतोस."

तिच्या पिशवीतून सुक्या बोंबलांचा वास येत होता. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे चालू लागली.