हॉलिस पेटिग्रूंची रायफल

आमच्या रस्त्यावर असं एकही घर नव्हतं, की ज्याच्या फ्रीझरमध्ये मिस्टर हॉलिसनी मारलेलं मांस कधी ना कधी आलं नव्हतं. नोव्हेंबरात हरणाचं, आणि रानडुकराचं वर्षभर. सबीन नदीच्या या पाणथळ काठावर डुकरांना ना ऋतू ना लाज. रात्रीतून अख्खं कुरण नांगरल्यासारखं उकरून जातात. माझं कुरण पहिल्यांदा असं उकरलं गेलं, तेव्हा मी पेटिग्रूंच्या ओसरीवर जाऊन रडले होते. मिस्टर हॉलिस टोपी चढवत म्हणाले, "डार्ला, डुकरांनी काही पाटीवरचं तुझं नाव वाचून उकरलेलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांची रायफल वडिलांकडून आलेली, जुन्या लिव्हरची. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर मारली, की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. दस्त्याचा गालाला टेकणारा भाग झिजून गुळगुळीत झालेला. शेजारचं जंगल शिकारीसाठी भाड्यानं घेणारी डॅलसची मंडळी एकदा त्यांना म्हणाली, "अहो, निदान एखादी दुर्बीण तरी बसवा तिच्यावर."

"डुक्कर ओळखायला दुर्बीण लागायला लागली, की मी घरीच बसेन," मिस्टर हॉलिस म्हणाले होते.

आणि मग ती वेळ आलीच. आधी ते चर्चहून घरी यायचा रस्ता चुकले. मग कॉफीचं भांडं कपड्यांच्या कपाटात सापडलं. मला ते माझ्या आईच्या नावानं हाक मारू लागले. ह्यूस्टनचा डॉक्टर म्हणाला, हे वाढतच जाणार.

त्यांची बायको, मिस लव्हर्न (लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे आदरानं मिसच म्हणतात), या सगळ्याला सरावली. रायफलचं मात्र तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. मुलगा फोनवर ओरडायचा, "आई, ती आजच्या आज घरातून काढ!" ती हो म्हणायची आणि काढायची नाही. मला म्हणाली, "अगं, दर संध्याकाळी तो तिला तेल लावत बसतो. तेवढा अर्धा तास तो माझा हॉलिस असतो. ती काढून घेतली, तर मग मी कुणाबरोबर बसू?" तिनं काडतुसं तेवढी शिवणयंत्राच्या खणात लपवली. तरीही रात्री उठून कपाट चाचपून यायची. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मलाही झोप लागेनाशी झाली.

हरणांचा मोसम सुरू झाला, त्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"डार्ला, तो घरात नाही. ट्रक इथेच आहे. रायफल नाही."

"आणि काडतुसं?"

"खणात आहेत. पण त्याच्या जुन्या कोटाचे खिसे मी कधी तपासलेच नव्हते. आणि कोट नाहीये."

शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावा म्हणून मोसमात घालतात ते नारिंगी जाकीट घालून मी धावतच गेले. तिच्यासाठीही एक नेलं. शेरीफच्या कचेरीत फोन केला, तर म्हणाले, माणूस पाठवतो, पण आज पहिला दिवस, सगळे जंगलात पांगलेत. वाट बघायला मिस लव्हर्न तयार नव्हती. पलीकडच्या जंगलात डॅलसची माणसं पोराबाळांसकट आलेली होती. कोण कुणाला मारेल, याचा विचारसुद्धा तोंडून काढवत नव्हता.

ओढ्यापलीकडे त्यांचं जुनं मचाण होतं, तिकडे आम्ही निघालो. पानं इतकी वाळलेली, की प्रत्येक पावलाला चुरचुर व्हायची. मध्येच लांबवर बार झाला. मिस लव्हर्न जागच्या जागी थांबली, माझा दंड घट्ट धरून.

"त्याच्या रायफलचा नाही हा," ती म्हणाली. मग थोडं चालून पुन्हा, "नाही ना गं?"

मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

मचाणाजवळ गेलो, तर मचाणच नव्हतं. मागच्या वादळात झाड पडलं, त्याबरोबर तेही गेलेलं. पलीकडे झुडपांची दाट जाळी होती. आम्ही तिच्यात शिरतोय तोच समोरून आवाज आला. खट्‌-खटाक्‌. लिव्हर ओढून वर मारल्याचा. या रस्त्यावर वाढलेल्या कुणालाही तो आवाज झोपेतही ओळखू येईल. काडतूस आत गेलेलं होतं.

फांद्यांच्या फटीतून मला ते दिसले. पडलेल्या झाडाला पाठ टेकून बसलेले, रायफल खांद्याला, आणि नळी सरळ आमच्या चुरचुरीकडे. ते कुणाशी तरी कुजबुजत होते, "हलू नका, बाबा. मोठा आहे."

जमिनीवर पालथं पडावं की ओरडावं, मला सुचेना. मिस लव्हर्ननं माझा दंड सोडला. दोन्ही हात मोकळे पुढे धरून ती सरळ जाळीबाहेर उजेडात गेली.

"हॉलिस, मी आहे. लव्हर्न."

नळी तिच्या छातीवर आली. त्यांनी तिचा चेहरा नीट न्याहाळला. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? लव्हर्न घरी आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. ती पाठ क्षणभर वाकल्यासारखी झाली, पण आवाज कापला नाही.

"हो, घरीच आहे ती. तिनंच मला पाठवलंय. म्हणाली, यजमानांना घेऊन या, ओव्हनमधून काढलेली बिस्किटं गार होतायत."

"काळजी करत असेल," मिस्टर हॉलिस म्हणाले. "तिला सवयच आहे."

"फार काळजी करते," मिस लव्हर्न म्हणाली.

त्यांनी नळी आभाळाकडे केली. लिव्हर ओढत एकेक काडतूस पानांवर पाडलं, आत बोट घालून रिकामी झाल्याची खात्री केली आणि अंगठ्यानं घोडा हलकेच खाली बसवला. स्वतःच्या बायकोचं तोंड विसरलेल्या माणसाचे हात एकदाही चुकले नाहीत. मी जाळीतून बाहेर आले आणि खाली बसून ती काडतुसं गोळा केली.

रायफल त्यांनी आपणहून माझ्याकडे दिली. ओढा ओलांडताना हात मोकळे हवेत म्हणून. ती मी परत दिली नाही.

संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन ते कपाटासमोर उभे राहिले. मिस लव्हर्न म्हणाली, "डार्लाला दिलीय आपण. तिचं कुरण डुकरांनी उकरलंय ना." शेजाऱ्याला दिलीय म्हटल्यावर त्यांची तक्रार उरली नाही. "तिला सांग, रायफल जरा डावीकडे मारते," एवढंच म्हणाले. पण मग रोजचं चालू झालं. मी दिसले रे दिसले, की, "मिळालं का गं डुक्कर?"

रोज नाही म्हणायचा मला कंटाळा आला. शिवाय कुरण खरंच उकरलेलं होतं. एका पहाटे मी ती रायफल घेऊन कुंपणाशी बसले. लिव्हर ओढताना त्या जाळीतला आवाज आठवला. समोर काळी पाठ दिसली, तरी ती डुकराचीच आहे हे चारदा बघितलं. उजेड पुरता होईपर्यंत थांबले. ते वळून पूर्ण बाजूनं दिसलं, सुळे दिसले, तेव्हाच उजवीकडे धरून चाप ओढला.

सॉसेज करून त्यांच्याकडे घेऊन गेले. मिस्टर हॉलिसनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मिस लव्हर्नच्या ताटात ठेवला.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. "पण बार चांगला बसलाय. कोणी मारलं?"

"मी," मी म्हटलं.

"शाबास," ते म्हणाले, आणि बायकोकडे वळून हळूच विचारलं, "कोण आहे ही?"

"शेजारीण आहे आपली," मिस लव्हर्न म्हणाली. "जेव."