आईच्या माहेराला वाट फक्त मे महिन्यात

मे महिन्याच्या अखेरीस बारामती-इंदापूर फिरायला कुणी शहाणा माणूस निघत नाही. फ्लेमिंगो परत गेलेले असतात, साखर कारखाने बंद असतात, आणि लॉजवाला गिऱ्हाईक बघून आधी दचकतो. मला अशाच वेळी जायला आवडतं. उसाचे ट्रेलर नाहीत म्हणून रस्ता मोकळा, गर्दी नाही म्हणून खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते. या वेळी मात्र तारीख मी ठरवली नव्हती. ती आईच्या गुडघ्यांनी आणि धरणाच्या पाण्यानं ठरवली होती.

आईचं माहेर भीमेच्या काठचं. तिचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत ते गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं हायवेलगतच्या नव्या गावठाणात आली. आजी-आजोबा तिथे फार काळ राहिले नाहीत, आणि एकुलता एक मामा तर स्वतःच्या लग्नाआधीच वारला होता. म्हणजे माहेरी गाव नाही, घर नाही, भाऊ-भावजय नाही. एखाद्या वर्षी पाणी फार उतरलं की जुन्या गावाचे दगड वर येतात, असं आई ऐकून होती. पाहिले कधीच नव्हते. यंदा ते वर आल्याची बातमी होती. जूनमध्ये तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, त्यानंतर होडीबिडी विसरा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा पाण्याखाली. "एकदा पाय ठिवून येऊ," एवढंच ती म्हणाली. त्यावर नाही म्हणणं मला जमलं नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात तिथे सेल्फीवाल्यांची जत्रा भरेल.

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला गेलो. रस्ता चांगला आहे, फक्त स्पीडब्रेकर कुठे घालायचे हे ठरवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे. संध्याकाळी कऱ्हेकाठचं जुनं दगडी देऊळ पाहिलं. खांबांवरचं कोरीवकाम खरोखर सुरेख आहे, आणि आत शिरलं की गारवा इतका की बाहेर पडावंसं वाटत नाही. नदीकडे मात्र बघू नका. उन्हाळ्यात तिच्यात पाणी कमी आणि शेवाळ जास्त असतं. मी फोटो काढत होते तेवढ्यात आई गायब. शोधली तर बाजारात साडीच्या दुकानात, समोर पाच-सहा साड्या पसरून बसलेली.

"कुणासाठी?"

"असू दे एखादी."

"आई, आपण ओसाड जागी चाललोय. तिथे कुणी नाही."

"माहेराला रिकाम्या हातानं जात न्हाईत," ती म्हणाली, आणि दुकानदाराला मोरपंखी साडी बांधून द्यायला सांगितलं. सोबत डझनभर बांगड्या. आईचं कुटुंब बौद्ध. ओटी, हळदीकुंकू हे सगळं तिच्या वडिलांनी तरुणपणीच बंद केलेलं. पण हातात काहीतरी घेऊन जाण्याचा नियम कुणी बंद केला नव्हता.

दुसऱ्या दिवशीचा बेत सरळ होता. होडीवाल्या तात्यांशी फोनवर बोलणं झालेलं. त्यांनी बजावलं होतं, "दुपारच्या आत या. एकदा वारं सुटलं की लाट उठती, मग मी होडी काढत न्हाय." म्हणून मी उजाडताच गाडी काढली. आणि आई म्हणाली, "आधी माळेगावला जाऊ. थोरलीला सांगून निघायला पायजे."

माळेगाव बुद्रुक बारामतीपासून जवळ आहे, फक्त उलट्या दिशेला. थोरली मावशी तिथे असते. काका साखर कारखान्यातून रिटायर झाले आणि मावशी आताशा घराबाहेर पडत नाही. "पाच मिनिटं," आई म्हणाली. मावशीकडे पाच मिनिटांत फक्त बसायला चटई येते. मग पाणी, मग पोहे, पोहे खाल्ले म्हणून चहा, चहा घेतला म्हणून "दुपारी जेवूनच जावा की". मी घड्याळ दाखवून दाखवून थकले. निघताना मावशीनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आईच्या मांडीवर ठेवला.

"माझ्याकडनं बी ने गं," ती म्हणाली. "मला काय आता जाणं व्हत न्हाय."

कुणासाठी न्यायचं, हे ना आईनं विचारलं, ना मावशीनं सांगितलं. मी सरळ गाडी चालू केली, नाहीतर भांडण झालं असतं.

परत बारामती, तिथून इंदापूर रस्ता. अंथुर्ण्यात केळी घ्यायला थांबलो. केळी चांगली होती, हे कबूल करते. तिथून आत वळून कळसवरून हायवेला निघालो. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचा खोडवा फुटत होता आणि ऊन असं की गाडीचा एसी नुसता आवाज करत होता. पुढचा वैताग गुगलनं दिला. जुन्या आणि नव्या गावाचं नाव एकच, त्यामुळे मॅपमधल्या बाईनं आम्हाला थेट नव्या गावठाणातल्या एसटी थांब्यावर आणून सोडलं. तिथे बसलेल्या एका आबांना विचारलं, गाव कुठे आहे?

"गाव हेच की."

"हे नाही, जुनं."

"जुनं व्हय? ते पाण्यात हाय."

"पण आता वर आलंय ना?"

"आलंय की. मग आदी सांगायचं, वर आलेलं पायजे म्हणून." असं म्हणून त्यांनी वाट दाखवली. वाट म्हणजे शेतांमधून जाणारा खडखडाट. छोटी गाडी असेल तर तिची दृष्ट काढून मगच आत घाला.

काठावर पोचलो तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. वारा सुटलेला, पाणी हिरवट-करडं, लाटा काठावर आपटत होत्या. तात्या होडी उलटी घालून तिच्या सावलीत बसले होते. "उद्या या," ते म्हणाले. मी विनवण्या केल्या, जास्त पैसे देते म्हणाले. त्यांनी फक्त पाण्याकडे बोट केलं.

मग मी आईवर घसरले. साडी, बांगड्या, पोहे, लाडू, केळी, सगळं काढलं. "तुला तिथे जायचंय की खरेदी करायचीय? उद्या वारा सकाळीच सुटला तर? परवा मला ऑफिस आहे. मग बसशील आयुष्यभर हळहळत." आई पिशवी पोटाशी धरून पाण्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तवा बी दुपारचं असंच वारं सुटायचं." मला अजूनच राग आला.

मुक्काम इंदापूरला. जुन्या बाजारपेठेत संध्याकाळी फिरायला बरं वाटतं. तिथली भेळ मी भांडणानंतरही आवडीनं खाल्ली यावरून काय ते समजा. लॉजबद्दल एवढंच सांगते की पंखा आणि दिवा यांपैकी एकच चालू ठेवता येत होता.

सकाळी पाणी आरशासारखं शांत होतं. तात्या आणि मी मिळून आईला होडीत बसवलं. पिशवी तिनं कुणाच्या हातात दिली नाही.

जुनं गाव लांबून नुसता चिखलाचा उंचवटा दिसतो. उतरलं की मग एकेक उलगडत जातं. देवळाचा कळस, वेशीचे दोन दगड, घरांची जोती, मधोमध गाळानं भरलेली विहीर. आई माझ्या खांद्यावर भार देत, भेगाळलेल्या गाळातून थेट वेशीतून आत गेली आणि विहिरीच्या कठड्यावर टेकली.

"हितं आमाला शिवू देत नव्हते," ती सहज बोलावं तसं म्हणाली. "आमी पाण्यासाठी खाली नदीच्या वाळूत झिरा खांदायचो." मग कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "चल. आपलं घर वेशीच्या पल्याड हाय."

पल्याड घर नव्हतं. दगडांची एक ओळ होती, आणि नेमकं त्या ओळीत ताडपत्रीचं पाल. मासेमारीसाठी दुरून आलेलं कुटुंब पाणी उतरलं की तिथे उतरतं, असं तात्यांनी सांगितलं. एक बाई जाळं नीट करत बसली होती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी सांगितलं, हे हिचं माहेर.

बाईनं जाळं खाली ठेवलं. "ह्येच?"

"व्हय," आई म्हणाली. "तुज्या चुलीपाशी आमची चूल हुती."

त्या बाईनं मग जे केलं ते मला अपेक्षित असायला हवं होतं. तिनं पालातली घडी घातलेली गोधडी आणून दगडांवर अंथरली, आईला बसवलं आणि चहा ठेवला. मी घड्याळ पाहिलं नाही. आईनं पिशवी उघडून साडी, बांगड्या, लाडू, केळी एकेक करून तिच्या ओंजळीत दिलं. बाई "कशाला, कशाला" म्हणत राहिली आणि घेत राहिली. माझ्या बारामतीपासूनच्या सगळ्या कटकटीचं उत्तर माझ्यासमोर बसून बांगड्या चढवून बघत होतं, आणि मला माझीच लाज वाटत होती.

तात्या वाऱ्याची आठवण करू लागले तसे निघालो. होडी काठावरून ढकलणार एवढ्यात ती बाई चिखलातून धावत आली. हातात कॅरीबॅग, आत चिलापी मासे, अजून हलणारे. "माहेराहून रिकामं जाऊ ने," ती म्हणाली, आणि पिशवी आईच्या मांडीवर ठेवली. तीन दिवसांत आई पहिल्यांदा रडली, ती तेव्हा.

जाणाऱ्यांसाठी: टोपी आणि पाणी न्या, होडीवाल्याशी आधी बोला, नातेवाईक वाटेत असतील तर एक दिवस जास्तीचा धरा. आणि भर मे महिन्यात बंद गाडीतून मासे आणायची वेळ आली, तर भिगवणला बर्फ घ्या. मला हे लोणी काळभोरला सुचलं. दोनदा धुऊनही गाडीला अजून वास येतो.

घरी आल्यावर आईनं गुडघ्यांची पर्वा न करता उभं राहून चिलापी तळली. पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला आणि मावशीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"पोचले गं," ती सांगत होती. "व्हय, लाडू दिले. माणसं बरी हायेत. वयनी लई चांगली हाय आपली."