बंद शाळेतले बारा तास

आत्याची नक्कल करताना सगळे एकच चूक करतात, नुसता आवाज चढवतात. आत्याचा आवाज मोठा नाही, लांब आहे. एकोणीस वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. मागच्या दाराशी उभं राहून पुढच्या सीटवर पेंगणाऱ्याला जागं करायचं तर ओरडून भागत नाही, आवाज माणसांच्या डोक्यांवरून सरकवत न्यावा लागतो. “पुढे चलाऽ, पुढे चला, दारात काय फोटो काढायचाय?” हे नाकातून सुरू करायचं आणि छातीत संपवायचं. मला जमतं. बाबांना जमत नाही, आणि ते तर तिचे सख्खे भाऊ आहेत.

घरातही तिची बस चालूच असते. बाबा बाथरूममध्ये रेंगाळले की ती दारावर थाप मारते, “शेवटचा स्टॉप! गाडी पुढे जाणार नाही!” आई तिला म्हणते, “वन्सं, निदान रविवारी तरी डेपोत लावा ना गाडी.” आत्या मनगट उलटं करून बघते. घड्याळाची तबकडी ती आतल्या बाजूला ठेवते, गर्दीत काच फुटू नये म्हणून. “नऊ-बारा,” म्हणते. “वहिनीनं तक्रार केली.” आणि खिशातल्या वहीत तसं लिहिते.

ही वही महत्त्वाची आहे. कंडक्टरला प्रत्येक थांब्यावर लिहावं लागतं, गाडी किती वाजता पोहोचली, किती वाजता सुटली. एकोणीस वर्षं लिहून तिचा हात तसाच वळला. गुडघा गेला तेव्हा बसखात्यानं तिला ऑफिसात खुर्ची दिली. चार दिवस बसली आणि राजीनामा दिला. “बसायचं असतं तर जन्मभर उभी कशाला राहिले असते?” मग तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन सत्तेचाळिसाव्या वर्षी ती शाळेत मदतनीस झाली. शिकायला जड जाणाऱ्या मुलाशेजारी बसायचं, त्याला वर्गाबरोबर ठेवायचं, हे तिचं काम. तिथेही खुर्ची होतीच, पण लहान मुलांची. गुडघे हनुवटीला लावून ती त्या खुर्चीत बसलेली बघायला मी दोनदा खिडकीपाशी गेले होते. शब्दच नाहीत.

तिच्या वाट्याला आला एक आठ वर्षांचा मुलगा. बोलायचे म्हणून त्याच्याकडे दहा शब्द, बाकी दिवसभर घशातून घर्रर्र. वर्गानं नाव ठेवलं इंजिन, आणि त्याला ते आवडलं. नगर परिषदेनं त्याला आठवड्याला बारा तास मंजूर केले होते. बारा तास एक माणूस फक्त त्याचा.

पहिला आठवडा त्यानं आत्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण आत्याचा कान इंजिनांवर तयार झालेला. तिच्या लक्षात आलं की हा थांबलेला असला की घरघर खालच्या पट्टीत असते आणि चालायला लागला की वर चढते. दुसऱ्या सोमवारी तिनं पेन्सिलीनं बाकावर दोन टिचक्या मारल्या. बसमध्ये दोनदा घंटा म्हणजे सोड, एकदा म्हणजे थांब. मुलानं मान वळवली, घरघर चढवली आणि पेन्सिल उचलली.

“कसं कळलं हो तुम्हाला?” आईनं विचारलं.

“त्यात काय कळायचंय? डबल द्यायची, गाडी सोडायची. इतके दिवस कुणी घंटाच दिली नव्हती बिचाऱ्याला.”

मग तिनं खोक्यांचे पुठ्ठे कापून बसला असतात तशा पाट्या केल्या. ‘गणित’, ‘हात धुणे’, ‘वाचन’, ‘घर’. इंजिन स्वतः पाटी बदलायचा, डबल व्हायची, गाडी निघायची. एका दुपारी त्यानं कोऱ्या पुठ्ठ्यावर आपल्या हातानं ‘घर’ लिहिलं. ‘र’ भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा तिरका. तो पुठ्ठा आत्यानं आमच्या फ्रिजवर लावलाय, माझ्या गुणपत्रिकेवर. वर म्हणजे बरोब्बर वर, माझी टक्केवारी झाकून. तिचे उपकारच.

आता शाळेच्या हेडबाई. यांची नक्कल करायला तोंडात साखर धरल्यासारखं बोलायचं आणि प्रत्येक वाक्य पाळण्याजवळ उभं राहून म्हणायचं. “ताई, दोनच मिनिटं हं. आपलीच शाळा ना? आपण सगळे एकच कुटुंब.” हेडबाईंची दोन मिनिटं म्हणजे दीड तास. कधी झेरॉक्स, कधी शिक्के, कधी न आलेल्या शिक्षकाचा वर्ग सांभाळणं. तोवर इंजिन ‘वाचन’ची पाटी छातीशी धरून बाकाशेजारी उभा, घरघर खालच्या पट्टीत. सोडणारंच कुणी नाही.

आणि होतं मदतपत्रक. मुलाला मदत मिळाली की नाही हे नगर परिषदेच्या देखरेख समितीला कळावं म्हणून मदतनिसानं त्यावर सही करायची. त्यावर पाच वार, प्रत्येकापुढे ‘पूर्ण मदत दिली’ असं आधीच छापलेलं. शाळेची पद्धत अशी की शुक्रवारी पुढच्या आठवड्याच्या सह्या करून ठेवायच्या. सोमवारी सकाळी पत्रक परिषदेत पोहोचलं की शाळा वक्तशीर दिसते. “सगळेच करतात हो, ताई,” हेडबाई म्हणाल्या. आत्या नवी होती. तिनं केल्या. दर शुक्रवारी केल्या, पाच महिने.

त्यानंतर एका सकाळी इंजिनची आई आमच्या दारात उभी राहिली. ती लाँड्रीत काम करते. सतत पाण्यात राहून बोटांची टोकं सुरकुतलेली, आणि त्या बोटांत समितीचं पत्र. पत्राचा मतलब असा, की या बालकास बारा तासांची मदत विनाखंड मिळाली. तरीही अपेक्षित प्रगती नाही. सबब मदत थांबवावी, आणि ही शाळा त्यास मानवत नसल्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात जागा होईपर्यंत त्यास घरी ठेवावं. म्हणणं मांडायचं असल्यास गुरुवारच्या सभेला यावं.

“ताई, रागावू नका,” ती म्हणाली. “पण तुम्ही खरंच बारा तास बसत होता त्याच्याजवळ?”

तो लांब आवाज पहिल्यांदाच कुठेतरी अडकलेला मी ऐकला. त्या शांततेची नक्कल मला अजून येत नाही.

“नाही,” आत्या म्हणाली. “चार. फार तर साडेचार.”

“मग या सह्या?”

“माझ्याच.”

ती बाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पत्राची घडी केली, इस्त्रीच्या कपड्याची करतात तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. “केंद्रात दोन वर्षं जागा नसते,” म्हणाली. “मी कामावर गेले की तो घरी एकटा. पाटी धरून उभा राहील दिवसभर.”

ती गेल्यावर बाबा सुरू झाले. “ताई, माझं ऐक. तू तोंड उघडलंस की खोट्या सह्यांत पहिली तूच सापडणार. हेडबाई नामानिराळ्या राहतील. नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“अगं, जाऊ दे काय?”

“तिकीट असलेल्या पोराला अर्ध्या रस्त्यात उतरवतायत रे. आणि का, तर माझी सही सांगते की त्याला सगळं मिळालं. एकोणीस वर्षांत मी असा एक माणूस उतरवला नाही. आता उतरवू?” बाबांनी तोंड उघडलं, पण ती वही काढून बसली होती. पाच महिन्यांचा एकेक दिवस त्यात होता, कुणी मागितला नसताना, नुसत्या सवयीनं. *९.०५ बसले. ९.२० हेडबाई, झेरॉक्स. १०.५० परत. गाडी तिथेच उभी.* ‘गाडी तिथेच उभी’ हे तीन शब्द दर पानावर होते.

गुरुवारी मी शाळा बुडवली. सांगते का ते, असले आवाज एका खोलीत पुन्हा कधी मिळणार होते?

सभागृहात लांब टेबल, झाकण ठेवलेले पेले, आणि अध्यक्षांनी तोंड दूर नेलं की मगच चालणारा माईक. अध्यक्षांचा आवाज म्हणजे ओल्या गादीवर कुणी हळूच बसावं तसा. प्रत्येक वाक्याशेवटी “नोंद घेऊ या.” पंखा वाजतोय, नोंद घेऊ या. समितीतल्या कुणीही वर्षभरात त्या शाळेत पाऊल ठेवलं नव्हतं, पण भिंतीवर तक्ता होता. दर आठवड्याची एक निळी पट्टी, आणि सगळ्या पट्ट्या वरच्या रेषेला टेकलेल्या.

“या शाळेत मदतीचं प्रमाण शंभर टक्के,” अध्यक्ष म्हणाले. “अभिनंदनास पात्र. नोंद घेऊ या. प्रश्न राहतो तो बालकाच्या क्षमतेचा.”

नागरिकांच्या बाकावरून आत्या उठली.

“बाई, नागरिकांना शेवटी बोलता येईल.”

“शेवटी गाडी गेलेली असते, साहेब. मी त्या मुलाची मदतनीस. त्या तक्त्यातली उजवीकडून सहावी पट्टी बघा. तीही वर टेकलीय ना?”

सगळ्यांनी पाहिलं. टेबलाच्या कडेला बसलेल्या हेडबाईंनी पेल्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

“त्या आठवड्यात शाळेत पाण्याचा पाइप फुटला होता. वर्गात घोट्यापर्यंत पाणी. सोमवार ते शुक्रवार शाळेला कुलूप. नोटीस तुमच्याच परिषदेनं लावली होती.”

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. अध्यक्षांनी कागद चाळले. “कारकुनी चूक दिसते. नोंद घे—”

“चूक नाही, सही आहे. माझी. आदल्या शुक्रवारीच करून ठेवलेली, आम्ही सगळे दर शुक्रवारी करतो तशी. म्हणजे बंद शाळेत, तिथे नसलेल्या मुलाला, तिथे नसलेल्या मी बारा तास मदत दिली. आणि त्यावर तुम्ही देखरेख केलीत.”

माईक नेमका तेव्हाच चालू झाला, आणि अध्यक्षांचा आवंढा सगळ्या सभागृहानं ऐकला.

“ताई,” हेडबाईंची साखर आता पातळ झाली होती, “हे आपण आपल्यात बोललो असतो ना. आपण एक कुटुंब—”

“कुटुंबातलं पोर घरी बसवताना नाही आठवलं ते?”

“बाई!” अध्यक्षांच्या गादीतली एक स्प्रिंग वाजली. “तुम्ही खोटी सही केल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगताय. परिणाम कळतात का?”

“कळतात. लिहून घ्या. पण त्याआधी दुसरं लिहा. या मुलाला बारा तास कधी मिळालेच नाहीत. चार मिळाले, त्या चारांत तो ‘घर’ लिहायला शिकला. जे दिलंच नाही ते त्याला पुरलं नाही, असं तुम्हाला म्हणता येणार नाही.” तिनं वही टेबलावर ठेवली. “यात वेळा आहेत. हेडबाईंनी माझी एक जरी वेळ खोटी ठरवली तर मी इथूनच घरी जाते.”

हेडबाईंनी वहीला हात लावला नाही.

“ठीक आहे,” अध्यक्ष म्हणाले. “नोंद घेऊ या.”

“घेऊ या नाही. घ्या. मी थांबते.”

आणि ती थांबली. दुखऱ्या गुडघ्यावर, मनगट उलटं करून. सभेचं टिपण लिहिणाऱ्या लेखनिक बाईंनी आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि मान खाली घालून लिहायला लागल्या. खोलीत फक्त पेनाचा आवाज आणि इंजिनच्या आईचं नाक ओढणं.

“वाचून दाखवता?” आत्या म्हणाली. त्यांनी वाचलं. “अकरा-सतरा,” म्हणून तिनं टेबलावरची वही उचलून त्यात लिहिलं आणि खाली बसली.

इंजिन शाळेत राहिला. एक पूर्ण सत्र, खरे बारा तास, आणि मगच काय तो निर्णय, असं ठरलं. समितीचे दोघे जण महिन्यातून एकदा न सांगता वर्गात येऊन बसणार हेही ठरलं. आत्याला चौकशी होईपर्यंत शाळेत यायची बंदी.

तिच्या जागी प्रशिक्षणातून नुकता बाहेर पडलेला एक मुलगा आला. आठवड्याभरात आमच्या दारात हजर, घामाघूम. “मावशी, तो नुसताच उभा राहतो हो. मी एवढं बोलतो त्याच्याशी!”

“तेच चुकतंय. बोलू नकोस.” आत्यानं त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि अर्धा तास टिचक्या मारायला लावल्या. “हळू नाही रे, ठासून. तुला स्वतःलाच खात्री नसेल तर गाडी कशी सुटेल?” दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. शब्द धड फुटत नव्हते, पण मागून येणारी घरघर मी ओळखली. वरची पट्टी होती.

काल आत्याला मेमो आला. खोट्या सह्या केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा. बाबांनी दोन पानी माफीचा मसुदा तयार केला, त्यात ‘अनवधानाने’ चार वेळा. आत्यानं तो वाचला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मग वहीचं पान फाडून तिनं स्वतःचा खुलासा लिहिला. तो असा:

*१२.०५ मेमो मिळाला.*
*१२.०६ वाचला. सह्या माझ्या. मान्य.*
*१२.०७ सह्या आगाऊ करून घेणाऱ्यांचं नाव मेमोत शोधलं. नाही.*
*१२.१५ पुन्हा शोधलं. अजून नाही.*
*तुम्ही ते घालेपर्यंत थांबते आहे.*

“असा खुलासा देतात का, ताई?” बाबांनी कपाळाला हात लावला.

“मग कसा देतात?” पाकीट चिकटवून तिनं ते माझ्यासमोर धरलं, त्यावर बोटानं दोन ठसठशीत टिचक्या मारल्या आणि म्हणाली, “सोड.”