‘पाहू’ म्हणणारे अध्यक्ष

ग्रंथपालांना नेतृत्व शिकवणार आहेत हे ऐकून मी बुचकळ्यात पडले होते. साठ सालानंतरची ही गोष्ट. फुलसावंगीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. म्हणजे सकाळी खोली झाडायची, दुपारच्या मोटारीनं आलेली वर्तमानपत्रं टेबलावर मांडायची, दोन कपाटं उघडायची आणि संध्याकाळी रेडिओ लावायचा. पुढारी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जीपगाडी आणि हारतुरे यायचे. कपाटातून पुस्तक काढून देणाऱ्या बाईला त्यातलं काय शिकवणार?

यजमान गावातल्या शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, जाऊन तर ये, काय शिकवतात ते आम्हालाही कळेल.

दिवाळीच्या सुटीत यवतमाळच्या एका शाळेत वर्ग भरला. बाहेर रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनात शिरायची वाट पाहत उभ्या असायच्या, आणि वाऱ्यावर उडालेला कापूस आमच्या खिडकीच्या गजांना येऊन चिकटायचा. जिल्ह्यातून आलेले बाकी सगळे पुरुष, बायका आम्ही दोघीच. दुसरी झरीकडच्या एका गावातली. तिच्या वस्तीनं काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता, आणि विहाराच्या भिंती उभ्या राहण्याआधीच तिथं वाचनालय निघालं होतं. पुस्तकं ट्रंकेत आणि वाचक लिंबाच्या झाडाखाली. आम्हा दोघींना शाळेतलीच एक खोली राहायला दिली होती. वयानं ती माझ्याहून लहान होती, पण मनात आलेला प्रश्न तिनं कधी गिळला नाही.

शिकवायला एक निवृत्त ग्रंथपाल आले होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. पहिले काही दिवस पुस्तकांची नोंद, त्यांची मांडणी, वाळवीपासून ती कशी राखायची, असं सगळं झालं. मग एका सकाळी त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, तुमच्या वाचनालयात तुम्हाला करावीशी वाटणारी एक गोष्ट सांगा, आणि ती का होत नाही तेही सांगा.

माझी पाळी आली तेव्हा मी तांड्याचं सांगितलं. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे वाडवडील बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. आता हे लोक शेती करत होते. त्यांची काही मुलं यजमानांच्या शाळेत येत, पण वाचनालयात तांड्यावरचं कोणी फिरकत नसे. पुस्तकांची एक पेटी तिकडे पाठवावी असं माझ्या मनात होतं. वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत मी ते बोलूनही दाखवलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी अध्यक्ष ‘पाहू’ म्हणायचे आणि विषय रेडिओच्या बॅटरीवर जायचा. अध्यक्ष कापूस पिकवणारे मोठे शेतकरी होते, माणूस सरळ, सारं गाव त्यांना काकाजी म्हणे.

“ते ‘पाहू’ का म्हणतात?” गुरुजींनी विचारलं.

मी म्हणाले, त्यांच्या मनात नाही.

“तसं त्यांनी सांगितलं?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

गुरुजींनी फळ्याजवळ एक खुर्ची ठेवली आणि मला तीवर बसायला सांगितलं. आता अध्यक्ष तुम्ही. पाच जणांना समितीचे सभासद केलं आणि झरीच्या मैत्रिणीला ग्रंथपाल. तिनं उभी राहून माझाच प्रस्ताव मांडला, तोही माझ्याहून नीट. ती बोलायची थांबली आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

मला खरं तर ‘हो’ म्हणायचं होतं. मीच तर तो विचार केला होता. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मनात निराळंच काही सुरू झालं. पेटी नेणार कोण? पुस्तकं हरवली तर लोक कोणाला बोलतील? आणि हे आता सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणतील अध्यक्षांना एवढंही ठाऊक नाही. पाचही जण तोंडाकडे पाहत होते. माझ्या तोंडून निघालं, “पाहू.”

वर्ग हसला. मीही हसले. गुरुजी तेवढे हसले नाहीत. का म्हणालात ते सांगा, म्हणाले. मी अडखळत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याला खुर्चीवर बसवलं.

त्या संध्याकाळी नळावर ताटल्या धुताना मैत्रीण म्हणाली, “तुमच्या काकाजीले एकट्यात कोणी इचारलंच नसन, ताई.” मग आपल्या समितीचं सांगू लागली. तिच्याकडे सगळं उलटं होतं. बैठकीत सारेच एकदम बोलत, जो तो हो म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी काम कोणीच करत नसे. “मले तुमचे काकाजी देऊन टाका,” ती म्हणाली. तिनं ते पुढं कसं सोडवलं हे मला कधी कळलं नाही. पत्ते घेतले होते, पण आमची पुन्हा भेट झाली नाही.

गावी परतल्यावर मी काकाजींच्या वावरात गेले. वेचणी चालली होती. बाभळीच्या सावलीत कापसाच्या ढिगाशी ते बसले होते. मला पाहून उठले. घरी कोणाची तब्येत बिघडली की काय, असं त्यांना वाटलं. मी म्हणाले, तसं काही नाही, तांड्यावरच्या पेटीबद्दल तुमच्या मनात काय येतं तेवढं विचारायला आले.

त्यांनी एक गोणपाट झटकून मला बसायला दिलं आणि विचारू लागले. नाल्याला पूर आला तर पेटी कशी जाणार? उंदरांचं काय? आपल्या कपाटात शेतकऱ्याच्या कामाची पुस्तकं किती आहेत? काही प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ होती, काहींची नव्हती. मला नवल वाटत होतं ते याचं, की या माणसानं पेटीचा माझ्याहून जास्त विचार केला होता आणि तो इतके महिने त्यांच्याजवळच राहिला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, “नायकाले इचारलं काय?”

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. मी त्यांना विचारलं नव्हतं.

“त्याइच्या तांड्यात आपन पेटी पाठवून राह्यलो, अन् त्याइलेच ठाऊक नाई,” काकाजी म्हणाले. “उद्या माह्या वावरात कोनी न इचारता इहीर खंदली, त मले कसं वाटन?”

वेचणीचा जोर ओसरल्यावर काकाजींनी बंडी जुंपली आणि आम्ही दोघं तांड्यावर गेलो. नायक वयस्कर होते, कमी बोलणारे. चहा झाल्यावर त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पेटी ठेवणार कुठं, असं विचारलं. तुमच्याच घरी, काकाजी चटकन म्हणाले. नायकांनी मान हलवली.

“माह्या घरी नका ठेवू. माह्याशी ज्याइचं पटत नाई, ते मंग येनार नाईत.”

काकाजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. परतीच्या वाटेवर ते मध्येच एकदा स्वतःशी म्हणावं तसं म्हणाले, “मानूस हुशार हाय.”

पेटी देवळाच्या ओट्याशेजारच्या खोलीत ठेवायचं ठरलं. सांभाळायला नायकांनी आपल्या पुतण्याच्या बायकोला बोलावलं. ती दुसऱ्या तांड्यावरून लग्न होऊन आलेली, चौथी शिकलेली मुलगी. तिला कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून मीच विचारलं, तुला हे काम करायला आवडेल का. पदराआडून ती म्हणाली, “वाचून दाखवलं त चालन काय? लोकाइले वाचता येत नाई.” चालेल, मी म्हणाले.

पुढच्या बैठकीत पेटीचा विषय काकाजींनी स्वतःच काढला आणि चहा येण्याआधी तो मंजूर झाला. त्यानंतर प्रत्येक बैठकीआधी मी त्यांच्या घरी एक चक्कर मारायची. आमचं बोलणं होईपर्यंत काकी माझ्यापुढं निवडायला सूप सरकवायच्या.

पेटी संक्रांतीच्या सुमारास सुरू झाली. पुस्तकं बदलायला मी तांड्यावर जायची, आणि एका दुपारी वाचन चाललेलं असताना पोचले. ओट्यावर बायका, म्हातारे, एकदोन गडी बसले होते. ती मुलगी आधी थोडं मराठीत वाचायची आणि मग तेच गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, सांगायची. मला गोरबोली येत नव्हती. पण गोष्ट माझ्या ओळखीची होती, एका शेतकऱ्याची, तशी रुक्षच. तरी लोक पोट धरून हसत होते, आणि तेही मराठीत हसण्यासारखं काहीच नव्हतं तिथं. मी शेजारच्या बाईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

सगळे उठून गेल्यावर मी त्या मुलीला विचारलं, तू यात काय घातलंस? ती आधी लाजली. मग म्हणाली, “पुस्तकातला मानूस बजारातून बैल आनते. पन बैलाचा रंग कोनता, खोड कोनती, काहीच लिवलं नाई. आमचे लोक असं ऐकूनच घेत नाईत. म्हून मीच सांगतलं.”

तिनं त्या बैलाला नाव दिलं होतं, स्वभाव दिला होता, आणि घरधन्यावर रुसायची सवय लावली होती. मी पुस्तक उघडून ते पान काढलं. बैल तिथं एका ओळीपुरता होता. मी विचारलं, गोष्ट तर आता संपली, मग बैलाचं काय?

तिनं पेटीतलं पुढचं पुस्तक मला दाखवलं. गावातली विहीर स्वच्छ कशी ठेवावी, याची ती सरकारी पुस्तिका होती.

“आता ह्याच्यात येईन थो बैल,” ती म्हणाली. “पानी प्यायले.”